वर्षाची एक पायली

भोर, ता. ४ डिसेंबर १९७३

चि. रतन हिस,

मुलीला पत्र लिहिताना बापानं वर आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला असं समज. मनातून दिलाय की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

मुद्दा आधी लिहितो. बत्तीस वर्षं तलाठीगिरी केली, पाल्हाळ मला जमत नाही. तर, ग्रामसेविकेच्या नोकरीचा राजीनामा पाकिटात घालून तू माझ्या हातात ठेवलास. "आबा, जाता जाता एवढं पंचायत समितीत द्या," म्हणालीस, आणि ट्रंक उचलून वेल्ह्याला गेलीस. तो राजीनामा मी दिलेला नाही. तो माझ्या कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली माझ्या करदोट्याला आहे. तुझ्या आईनं दुपारी मी डोळा लावल्यावर ती दोनदा चाचपून पाहिली. मी जागाच होतो.

राजीनाम्याऐवजी मी तुझ्या नावानं रजेचा अर्ज दिला. प्रकृती बरी नाही, ३१ जानेवारीपर्यंत बिनपगारी रजा मिळावी. जन्मात कधी सरकारी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, ते तुझ्यापायी लिहिलं. आपले हेडक्लार्क सोपानराव म्हणाले, "आनंदराव, एक फेब्रुवारीला पोरगी रुजू झाली तर कुणाला काही कळायचं नाही. नाही झाली तर मात्र गैरहजर म्हणून बडतर्फ होईल. मग पुन्हा सरकारी नोकरीचं नाव काढायला नको." दोन महिने आहेत तुला. शुद्धीवर यायला पुरेसे आहेत.

अगं, कायम झाल्याचा हुकूम हातात पडला त्याच दिवशी राजीनामा लिहिणारी दुसरी मुलगी भोर तालुक्यात झाली नसेल! महागाई धरून दोनशे चौतीस रुपये. वर पेन्शन. मी लागलो तेव्हा मला अठरा रुपये होते आणि त्यात मी तुझ्या दोन आत्यांची लग्नं केली. आणि तुझं ते ग्रामसेवा मंडळ काय देणार? नव्वद. तेही जमले तर. कशासाठी, तर डोंगरातल्या बावीस मुलींच्या वसतिगृहासाठी गावोगाव देणग्या गोळा करायच्या. पदाचं नाव काय म्हणालीस, देणगी-संघटक? हे पद कुठल्या श्रेणीत बसतं ते मला कुणी सांगेना. काल पोस्टात मास्तरांनी विचारलं, "रतन सध्या काय करते?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मागते." ते हसले. मला काही हसू आलं नाही.

बत्तीस वर्षं लोक माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. त्या माणसाची मुलगी आता लोकांच्या उंबऱ्याशी पदर पसरून उभी राहणार. तुला लाज वाटत नसेल, मला वाटते.

रुजू होईपर्यंत ह्या दारात पाऊल ठेवू नकोस.

आनंदराव बाजीराव कुडले
निवृत्त तलाठी

ता.क. सोबतच्या पार्सलात लोकरीची शाल आहे. वेल्ह्याला थंडी फार. शाल तुझ्या आईनं आत घातली आहे, मी फक्त पार्सल शिवलं.


भोर, ता. १७ डिसेंबर १९७३

चि. रतन,

तुझं कार्ड मिळालं. मला म्हणजे, पोस्टमास्तर, पोस्टमन आणि समोरचा शिंपी यांच्यानंतर मला. बापाशी भांडायचं तर निदान पाकिटातून भांडावं, एवढी तरी अक्कल सरकारनं तुला ट्रेनिंगमध्ये द्यायला हवी होती.

तू लिहितेस, "दुसरा राजीनामा लिहून टपालानं पाठवणं अवघड नाही. पण मी लिहिणार नाही. आबा, तो मी तुमच्या हातात दिला होता, तुमच्याच हातून जाऊ दे. नाही दिलात तर बडतर्फ होईन."

काय हा हट्ट! कुणावर गेलीस, असं मी तुझ्या आईला विचारलं. तिनं भिंतीवरचा आरसा काढून माझ्यापुढं धरला. ह्या घरात माझ्या बाजूचं कुणी उरलेलं नाही.

सारोळ्याच्या स्थळाचं सांगतो. मंडळी रविवारी येऊन गेली. मुलगा पाटबंधाऱ्यात कारकून आहे, दिसायला बरा आहे. मुलगी नोकरीवाली आहे म्हणून हुंडा नको, असं त्यांनी मागंच सांगितलं होतं. तू रजेवर आहेस म्हटल्यावर मुलाच्या बापानं तासाभरात तीन वेळा विचारलं, "पण नोकरी पक्की ना?" तू कशी आहेस, रजा कशाची, बरं नाही म्हणजे काय होतंय, एकदाही नाही. ते गेल्यावर तुझी आई कपबशा उचलताना म्हणाली, "मुलगी बघाय आले होते का पगारपत्रक?" मी तिच्यावर खेकसलो. मग बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो.

आणखी एक. लिहू की नको असं चाललं होतं, पण लिहितो. गेल्या बाजारी कापूरहोळला एसटीची वाट बघत हॉटेलात चहा घेत होतो. शेजारी मार्गासनीकडचे रखमाजीराव येऊन बसले. चाळीस एकर, दोन विहिरी, मला जुने ओळखतात. बसल्या बसल्या म्हणाले, "तलाठी, ती दारोदार फिरती ती पोरगी तुमचीच का वो?"

म्हटलं आता हा चारचौघांत माझं नाक कापणार. "का हो?" मी विचारलं.

"का म्हंजे? तिला म्या एक पोतं तांदूळ देत हुतो. आंबेमोहोर! घेतलाच न्हाई."

"घेतला नाही?"

"न्हाई! म्हनली, काका, घरटी वर्साची एक पायली. सगळ्यांची जेवढी, तेवढीच तुमची. म्या म्हनलो, अगं येडी का खुळी तू? पोतं फुकाट मिळतंय. तर म्हनती कशी, पोतं घेतलं तर उद्या तुमी म्हनाल, पोरी माज्या पोत्यावर जगत्यात. पायली घेतली तर समदं गाव म्हनंल, आमच्या पोरी शिकत्यात."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? दिली पायली. तीबी गड्याच्या हातनं घेईना. घरातल्यानं सोताच्या हातानं पोत्यात घालायची म्हनं. माजी म्हातारी उठली, दोन वर्सांत जागची उठली न्हवती, आन् तिनं घातली. पोरगी तिच्या पाया पडली. माज्या न्हाई पडली!" असं म्हणून ते जोरात हसले आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "ह्यांच्या च्याचं पैसं माज्याकडनं घे. ह्यांची पोर लई खमकी हाय."

चाळीस एकरवाल्याच्या तोंडावर पोतं नाकारायचं म्हणजे छाती लागते. माझ्या आख्ख्या नोकरीत त्यांच्यापुढं मला तेवढं सरळ बोलता आलं नाही. हे कौतुक नव्हे. जे घडलं ते कळवलं.

राजीनामा कपाटातच आहे.

आबा


भोर, ता. २ जानेवारी १९७४

चि. रतन,

रविवारी मार्गासनीला जे झालं ते तू पाहिलंस. पण तू समोरून पाहिलंस. माझ्या बाजूनं कसं झालं ते मी लिहितो, कारण तिथं मला बोलता आलं नाही.

मी तुला परत न्यायला आलो होतो. खोटं कशाला बोलू? दप्तरात रुजू होण्याचा अर्ज तयार होता, फक्त तुझी सही हवी होती. दप्तर तेच जुनं, खाकी. कोट तोच, काळी टोपी तीच. दुसरी वस्त्रं मला आहेत कुठं? तू म्हणालीस, "आबा, आलाच आहात तर बसा, आज ऐंशी घरं करायची आहेत, संध्याकाळी बोलू." मी चावडीच्या पायरीवर बसलो आणि तुझं काम बघत राहिलो.

खरं सांगू? बघताना रागच विसरलो. पहिल्या दारात तू काही मागितलंच नाहीस, प्यायला पाणी मागितलंस. उंबऱ्यावर टेकलीस. त्या बाईच्या बहिणीची मुलगी तुमच्या वसतिगृहात आहे, तिनं चिठ्ठी दिली होती, ती वाचून दाखवलीस. बाई डोळे पुसत आत गेली आणि पायली भरून घेऊन आली. तू तांदळाचं नावही काढलेलं नव्हतंस. मी मनात म्हटलं, आनंदराव, हे तुला बत्तीस वर्षांत कुणी शिकवलं नाही.

आणि तिथंच माझी बुद्धी फिरली. वाटलं, पोरगी एकेका घरात अर्धा तास घालवते, ऐंशी घरं कधी करणार? मदत करू. एक्कावन्न ते छप्पन ह्या गावाचा तलाठी मी होतो. सगळे खातेदार मला बापाच्या नावासकट पाठ. मी पायरीवर उभा राहिलो, दप्तर उघडलं आणि सवयीनं पुकारा सुरू केला. "तुका बिन सोनू! सर्व्हे नंबर चौदा! बाहेर या! गेनू बिन तुका! सर्व्हे नंबर एकवीस! तांदूळ घेऊन या!"

अभिमान वाटत होता गं मला. एकही नाव चुकलं नाही.

पाचव्या नावाला गल्लीतलं पहिलं दार लागलं. मला वाटलं वाऱ्यानं लागलं. मग धडाधड सगळीच. एक म्हातारी धान्याच्या कोठीवर गोधडी टाकताना मी पाहिली. कुणीतरी परड्यातून ओरडलं, "लेव्ही आली! तलाठी आलाय, लेव्ही आली!" यंदा सरकार घरोघरचं भात सक्तीनं लेव्हीत घेतंय, लोक आधीच धास्तावलेले. त्यात माझी टोपी आणि माझं दप्तर. जी बाई तुला पायली घालत होती तिनं ती तशीच पदराखाली घेतली आणि तुझ्या तोंडावर दार लावलं. तिला वाटलं, तू सरकारची, गोड बोलून कुणाकडं किती आहे ते बघायला आलेली.

ऐंशीतली सात घरं झाली. तू रिकामं पोतं घडी करून काखेत मारलंस. मला वाटलं, आता ही मला बोलणार. बोलायला हवं होतंस. तू फक्त एवढंच म्हणालीस, "आबा, ऊन झालंय, कापूरहोळपर्यंत गाडीत बसायला जागा मिळेल का बघते." आणि मला खिडकीची जागा मिळवून दिलीस.

अर्ज दप्तरातच राहिला. काढायचं धाडस झालं नाही.

आबा


भोर, ता. ८ जानेवारी

रतन,

कार्ड मिळालं. मार्गासनीत लेव्ही लागली, ही बातमी एसटीबरोबर खोऱ्यात पसरली आणि पुढच्या नऊ गावांनी तुला दारात उभं केलं नाही. वसतिगृहातले जुने तांदूळ जानेवारीअखेरपर्यंतच पुरतील. तुमच्या मंडळाच्या अक्काबाई म्हणतात, मग मुलींना घरी पाठवावं लागेल, आणि एकदा घरी गेलेली मुलगी परत येत नाही. बावीसच्या बावीस.

एवढं सगळं लिहून वर "आबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मनाला नको तर कुठं लावून घेऊ?

तू अक्काबाईंबरोबर पंधरा दिवस पुण्याला जाणार म्हणतेस, पेठेत व्यापाऱ्यांकडं, डॉक्टरांकडं. जा. इकडचं राहू दे.

आबा


भोर, ता. २४ जानेवारी १९७४

चि. रतन,

तुला न विचारता मी पुन्हा मार्गासनीला गेलो. रागवायचं तर सगळं वाचून रागव.

टोपी घरी ठेवली. दप्तर ठेवलं. कोट ठेवला. तुझ्या आईनं धोतर, सदरा आणि खांद्यावर घरातलं एक रिकामं पोतं एवढ्यावर मला बाहेर काढलं. म्हणाली, "आता कसे माणसासारखे दिसताय." निघताना विचारलं, "मागायचं कसं, येतंय का?" मी म्हटलं, "त्यात काय यायचंय? द्या म्हणायचं."

रतन, पहिल्या दारात पाव तास उभा राहिलो आणि विचारलं, "काय, पाऊस बरा झाला ना यंदा?" ती बाई म्हणाली, "व्हय." मी पुढं गेलो. दुसऱ्या दारात विचारलं, म्हैस कितव्या वेताची. तिसऱ्या दारात नुसताच खाकरलो. सहा घरं अशी झाली. "द्या" हा शब्द काही केल्या तोंडाबाहेर येईना. आयुष्यभर "आणा", "भरा", "हजर करा" म्हणत आलो. जिभेला वळणच नाही. त्या उन्हात उभं राहून मला कळलं, की ज्या कामाची मला पोस्टात लाज वाटली होती, ते करायची माझी लायकी नाही.

सातवं दार पारूबाईचं होतं.

तू तिला ओळखतेस, गल्लीच्या टोकाला एकटी राहते, मुलगा गिरणीत आहे. पण तुला एक ठाऊक नाही. त्रेपन्न साली पीक गेलं होतं, तरी वसुलीचा हुकूम वरून आला. तिच्याकडं सात रुपये शेतसारा थकला होता. मी तिचा तांब्याचा हंडा जप्त केला. माहेरून आलेला. चावडीवर लिलाव केला. ती तेव्हा दारात उभी होती. मी घरी येऊन जेवलो, झोपलो आणि विसरलो. वीस वर्षं मला तो हंडा आठवला नव्हता. दार दिसलं आणि आठवला, त्याच्या काठाला पोचा होता तोसुद्धा.

मागं फिरणार होतो. तेवढ्यात ती बाहेर आली. केस पार पांढरे झालेत. मला नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "तलाठी, आज काय न्यायला आला?"

"न्यायला नाही, पारूबाई."

"मंग?"

मी खांद्यावरचं पोतं नुसतंच सरळ करत राहिलो. ती आत गेली, तांब्या घेऊन आली. म्हणाली, "आदी पानी प्या. तुमची पोर पयलं पानी मागती. तुमाला तेवडंबी शिकवलं न्हाई का तिनं?"

पाणी प्यायलो. मग म्हणालो, "मागायला आलोय."

"काय? म्हातारीला कमी ऐकू येतं. मोट्यानं बोला."

तिला चांगलं ऐकू येत होतं गं! पण शेजारच्या दोन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि तिला त्यांच्यादेखत ऐकायचं होतं. तिचा हक्कच होता तो. मी पोतं दोन्ही हातांनी पुढं धरलं आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "पारूबाई, माझ्या मुलीच्या वसतिगृहासाठी एक पायली तांदूळ द्या. ही लेव्ही नाही. सरकारचा ह्यात काही संबंध नाही. नाही दिलेत तरी माझं काही म्हणणं नाही. त्या दिवशी मी चुकलो. हंड्याच्या वेळीही चुकलो."

ती आत गेली. भरलेली पायली आणली, वरून तळहात फिरवून सपाट केली, आणि माझ्या पोत्यात ओतली. शेवटचे चार दाणे पायलीला चिकटले होते, तेही झटकून घातले. म्हणाली, "तवा तुमी नेलं. आज म्या दिलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे तुझ्या आईला सांगू नकोस. तिला ठाऊक आहे, पण तू सांगू नकोस.

पुढचं ऐक. मी वळलो तर पारूबाई डोक्यावर पदर घेऊन माझ्या पुढं चालायला लागली. शेजारच्या दारात जाऊन म्हणाली, "अगं साळू, काड ती पायली! लेव्हीबिव्ही काय न्हाई. मागाय आलाय त्यो. म्या सोता ऐकलं." त्याच्या पुढच्या दारात तेच. आख्खी गल्ली तिनं फिरवली मला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकजण म्हणाली, "पुकारा करा की तलाठी, सर्व्हे नंबर सांगा!" मी म्हटलं, "बाई, सगळे विसरलो." त्यावर फारच हसल्या. मीही हसलो. त्या गावात मी पाच वर्षं काढली, पण हसलेला त्यांनी मला पहिल्यांदाच पाहिला असेल.

ऐंशीतली एक्काहत्तर घरं झाली. बौद्धवाडीतल्या चंद्राबाईनं पायली घातली आणि म्हणाली, तिची पुतणी तुमच्याकडं सगळ्यांबरोबर एका पंगतीत जेवते हे तिनं स्वतः वेल्ह्याला येऊन बघितलंय, म्हणून देते. रखमाजीरावांनी बैलगाडी दिली. मी भाड्याचं विचारलं तर म्हणाले, "गाडीबी नको म्हनाय बापलेकीला जन्म दिलाय का देवानं?" मी गाडी घेतली. तुझ्या नियमात बसत नसेल तर माफ कर.

मग बाकीची गावं. मी रोज पहाटेच्या गाडीनं जायचो आणि दिवे लागायच्या आत परत. दहा दिवसांत सात गावं झाली. दोन ठिकाणी कुत्रं अंगावर सोडलं, एका ठिकाणी "काम करून खा" म्हणाले. तुलाही म्हणत असतील. तू कधी लिहिलं नाहीस. पायाला फोड आलेत, आवाज बसलाय. तू हे रोज करतेस आणि संध्याकाळी मुलींचा अभ्यासही घेतेस, असं अक्काबाईंच्या स्वयंपाकिणीनं सांगितलं. काल पोती वसतिगृहात उतरवली. मुली पळत आल्या, पोत्यांवर हात ठेवून मार्गासनी कुठलं, करंजावणे कुठलं, विचारत होत्या. आपल्या गावचं पोतं ओळखायचं होतं प्रत्येकीला.

रतन, मी लोकांचे पगार ठरताना पाहिलेत, श्रेण्या पाहिल्यात, बढत्या पाहिल्यात. तुझ्या कामाला किती द्यावे हे मला दहा दिवस चालताना ठरवता आलं नाही. दोनशे चौतीस तर नाहीच. मला फार अभिमान वाटतो तुझा. हे वाक्य लिहायला मला दोन महिने लागले, आता खोडणार नाही.

आबा


भोर, ता. ३१ जानेवारी १९७४

चि. रतन हिस अनेक, अनेक आशीर्वाद. मनातून.

आज सकाळी करदोट्याची किल्ली काढून तुझ्या आईच्या हातात दिली. तिनं कपाट उघडलं, पाकीट काढलं, हळदीकुंकवाचं बोट लावत होती. म्हटलं, राजीनामा आहे, लग्नपत्रिका नव्हे. ती म्हणाली, "मला काय फरक दिसंना." लावलंच तिनं बोट. तसंच घेऊन गेलो.

सोपानरावांनी पाकीट फोडलं, वाचलं आणि कागद परत माझ्यापुढं सरकवला. "आनंदराव, अजून वेळ आहे. उद्या रुजू होऊ दे की. पुन्हा असली नोकरी मिळायची नाही तिला."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "आणि तो रजेचा अर्ज खोटा होता. मी लिहिला होता. तिची प्रकृती उत्तम आहे. काय कारवाई करायची ती माझ्यावर करा."

ते हसले. म्हणाले, "म्हाताऱ्या माणसावर काय कारवाई करू? तो अर्ज मी बघितलाच नाही." मग नोंदीसाठी त्यांनी टाक उचलला आणि विचारलं, "सध्या मुलगी काय करते म्हणून लिहू?"

कचेरीत पंधरा माणसं होती. दोन तलाठी होते माझ्या हाताखाली तयार झालेले. सारोळ्याच्या मुलाचा मामा होता, तो मुद्दाम कान देऊन ऐकत होता. मी ताठ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मागते. डोंगरातल्या बावीस मुलींसाठी मागते. आणि लोक तिला आपल्या हातानं देतात."

पोच घेतली आहे. ह्या पत्रात घातली आहे. तुझा राजीनामा माझ्या हातून गेला.

सारोळ्याच्या मंडळींना नकार कळवला. तेच कळवणार होते, मी आधी कळवला. मंडळानं माझ्यासाठी दोन गावं ठेवावीत असं अक्काबाईंना सांग, बिनपगारी. मला पेन्शन पुरते. पायाचे फोड बरे होत आले.

आता एकच राहिलं. तू सगळं खोरं फिरलीस, पण एका घरी अजून मागितलं नाहीस. त्या घरानं तुला दारात पाऊल ठेवू नकोस म्हणून लिहिलं होतं, म्हणून गेली नसशील. रविवारी भोरला ये. दारात उभी राहा. आधी पाणी माग, मग तांदूळ माग. मला पोतं द्यावंसं वाटतंय, पण तू घेणार नाहीस. तुझ्या आईनं पायली भरून देवापुढं ठेवली आहे आणि मी घालणार की ती घालणार यावरून आमचं सकाळपासून वाजलंय. मी तिला बजावून सांगितलंय, ह्या घरची पायली मी माझ्या हातानं घालणार.

वाट बघतो.

तुझा आबा